सहधर्माची कसोटी

लग्नसराईत तुळजापूरला आई भवानीच्या दर्शनासाठी नवविवाहित जोडप्यांची रीघ लागते. घरी परतल्यावर गोंधळ घातला जातो, संबळ वाजतो आणि देवीच्या साक्षीने नव्या संसाराला आरंभ होतो. धाराशिव जिल्ह्याने ही परंपरा निष्ठेने जपली आहे. मात्र या परंपरेचा आशय आपण तितक्याच निष्ठेने जपतो आहोत का, हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

उमरगा, कळंब, परंड्याची मुले शिक्षणासाठी पुण्याला जातात आणि त्यांतील काही पुढे परदेशी स्थिरावतात, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण असा मुलगा दोन-तीन आठवड्यांच्या रजेवर येतो, त्याचे वेतन आणि व्हिसा पाहून सोयरीक ठरते आणि रजा संपण्यापूर्वी अक्षता पडतात. माणसाची पारख मागे राहते. परदेशस्थ पतीने वाऱ्यावर सोडलेल्या विवाहितांच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की अशा विवाहांच्या सक्तीच्या नोंदणीसाठी 2019 मध्ये राज्यसभेत विधेयक मांडावे लागले. कायदा हवाच, परंतु जो संस्कार घराने द्यायचा, तो कायदा देऊ शकत नाही.

या संदर्भात ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे चरित्र आठवते. केतकर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकले. भारतातील जातिसंस्थेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1909 मध्ये प्रसिद्ध झाला. मायदेशी परतताना त्यांचा मुक्काम लंडनला होता. तेथे ईडिथ कोहन या ज्यू तरुणीशी त्यांचा परिचय झाला. ते विद्येसाठी गेले होते, वधूसंशोधनासाठी नव्हे. पण त्या परिचयातून जन्माचे नाते उभे राहिले.

ते उभे राहण्यास मात्र वेळ लागला. मध्ये पहिले महायुद्ध गेले. 1920 मध्ये व्रात्यस्तोम विधीने ईडिथ यांना हिंदू धर्मात प्रवेश देण्यात आला आणि त्या शीलवती केतकर झाल्या. ज्या काळात परधर्मीयास आपलेसे करण्याची कल्पनाही समाजास मानवत नव्हती, त्या काळात प्राचीन विधीचा आधार घेऊन केतकरांनी हे धैर्य दाखविले.

पुढचा संसार सुखासीन नव्हता. मराठी ज्ञानकोशाचे 23 खंड सिद्ध करण्यात केतकरांचे आयुष्य झिजले, पैशाची ओढाताण कायमची राहिली आणि 1937 मध्ये अवघ्या 53 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शीलवतीबाईंनी हे दारिद्र्य पत्करले. एवढेच नव्हे, तर विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचा जर्मनमधून इंग्रजी अनुवाद करून त्यांनी स्वतःही विद्येची सेवा केली. ‘सहधर्मचारिणी’ या शब्दाचा अर्थ याहून वेगळा काय असतो? हे नाते केवळ पत्नीने सोसण्याचे नव्हते. एका ध्येयाचा भार दोघांनी मिळून वाहण्याचे होते.

हेच केतकर 1931 मध्ये हैदराबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. धाराशिव तेव्हा निजामाच्याच राज्यात होते. त्यामुळे हे चरित्र आपल्या मातीला परके नाही.

परदेशी जाऊन माणूस आपल्या संस्कारांना पारखा होतो, अशी भीती वडीलधाऱ्यांना वाटते. ती सर्वस्वी खरी नाही. घरापासून दूर, एकाकी असतानाच सोबतीचे मोल अधिक कळते. प्रश्न देशाचा नसून दृष्टीचा आहे. म्हणून सोयरीक जुळविणाऱ्या आईवडिलांनी रजेच्या दिवसांचा हिशेब बाजूला ठेवावा. मुलामुलीला एकमेकांशी मोकळेपणाने बोलू द्यावे, स्थळाची नीट चौकशी करावी, विवाहाची नोंदणी करावी आणि मुलीचे शिक्षण व कर्तृत्व परदेशी गेल्यावर कसे टिकेल, हे आधी विचारावे.

सप्तपदीतील सातवे पाऊल सख्याचे आहे. ते घाईने टाकता येत नाही, आणि एकट्याने तर मुळीच नाही.