भोक की ठिगळ?

बरेच दिवसांनी लिहितोय. परवा नागापूरला काकांच्या घरी गेलो होतो. वर्षश्राद्ध जवळ आलंय, आणि भाच्याने त्यांच्या आठवणींचं एक वेबपान बनवलंय. वर काकांचं नाव मोठ्या अक्षरांत, आणि अक्षरांच्या आरपार मागचा फोटो दिसतो, त्यांनीच कापलेल्या पत्र्यांचा. पाहून गलबलून आलं. आणि लगेच मी चुका काढायला बसलो. सवय जात नाही!

काका एमआयडीसीतल्या कारखान्यांना पत्र्याचे स्टेन्सिल कापून द्यायचे, मालाच्या लाकडी खोक्यांवर नाव-गाव रंगवायला. लहानपणी मी एकदा 'ठ' कापायला घेतला. पोटातला गोल तुकडा टणकन खाली पडला आणि उरलं नुसतं भगदाड. काका हसून म्हणाले, "अरे, पोटाला आधार ठेवायचा असतो." त्यांच्या ठ, व, ब मध्ये म्हणूनच बारीक पट्ट्या असायच्या.

वेबपानावर ही पट्टी लागत नाही. एसव्हीजीच्या मास्कमध्ये पांढरं ते दिसतं, काळं ते भोक. भोकाच्या आत पुन्हा पांढरा ठिपका ठेवला तर तो खुशाल अधांतरी राहतो. काकांना दाखवायला हवं होतं.

असो. तर चूक कुठली? खालच्या निळ्या पट्टीत भाच्याला गोल खिडकी हवी होती. त्याने पट्टीवर पानाच्याच क्रीम रंगाचा गोळा चिकटवला. "मामा, दिसायला तर तेच दिसतं ना!" दिसतं, मान्य. पण रात्री पान डार्क मोडमध्ये गेलं, मागचा क्रीम रंग काळा झाला आणि गोळा तसाच, कपाळावर पीठ लागल्यासारखा. हे भोक नव्हे, ठिगळ आहे. आणि ठिगळाखालचं कापड बदललं की ते उघडं पडणारच.

आमच्या वेळी ठिगळाला निदान कारण होतं. जीआयएफमध्ये ठिपका एकतर पूर्ण पारदर्शक नाहीतर पूर्ण भरीव, मधलं काही नाही. त्यामुळे गोलाच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. पीएनजीमध्ये पारदर्शकतेच्या २५६ पायऱ्या मिळायच्या, पण २००१ साली आलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ६ ला त्या कळायच्या नाहीत, मागे राखाडी चौकोन यायचा. २००६ मध्ये ७ वी आवृत्ती येईपर्यंत आम्ही काय काय उचापती केल्या! आज तसं काही नाही. पट्टीला एकच रेडियल ग्रेडियंट द्यायचा: मध्यापासून ६० पिक्सेलपर्यंत पारदर्शक, ६१ पासून निळा. झालं भोक. (तो एक पिक्सेल कडा मऊ राहायला.) मागे काहीही येवो.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. काकूंना आता नीट दिसत नाही, फोन त्यांना वाचून दाखवतो. भाच्याने नावाचं चित्र केलं होतं आणि त्याला पर्यायी मजकूर द्यायचा राहून गेला. फोन सगळं पान वाचत गेला आणि नेमकं काकांचंच नाव गाळलं. काकू काही बोलल्या नाहीत.

माझं स्पष्ट मत आहे, अक्षरं कापायची तर ती अक्षरंच राहिली पाहिजेत. सीएसएसमध्ये पार्श्वभूमी फक्त मजकुराच्या आकारात कापता येते, बॅकग्राउंड-क्लिप टेक्स्ट, आणि अक्षरांचा रंग पारदर्शक करायचा. फोटोखाली एक गडद रंगही द्यायचा, म्हणजे फोटो उतरला नाही तर नाव गायब होत नाही. आणि हे एवढ्या ठळक नावापुरतंच. सगळा परिच्छेद फोटोच्या ठिगळांतून वाचायला लावणं हा वाचणाऱ्याचा छळ आहे.

मराठीत आणखी एक गोची आहे. इंग्रजी नमुन्यावरून ओळींची उंची घट्ट ठेवली की खालचे उकार आणि वरच्या वेलांट्या चौकटीबाहेर जातात. तिथे पार्श्वभूमीच नाही, म्हणून तेवढा भाग उडतो. जागा थोडी सैल ठेवायची.

भाच्याने तासाभरात दोन्ही बदल केले. मग काकूंच्या हातात फोन दिला. त्याने नाव वाचलं, आडनावाचा उच्चार मात्र चुकवला. काकू म्हणाल्या, "पुन्हा लाव रे."

उकार अजून थोडा तुटतोय. रविवारी बघतो.