खाणीच्या खड्ड्याला विहीर म्हणा!

"आम्ही पाणी उचलतच नाही. आम्ही फक्त दगड काढतो."

एका खडी क्रशरच्या मालकाने भर ग्रामसभेत हे वाक्य उच्चारले, तेव्हा मी समोर बसलो होतो. त्याच वेळी त्याच्या खाणीत पंप चालू होता, आणि खाणीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या बौद्धवस्तीच्या विहिरीने मार्चमध्येच तळ गाठला होता. मालकाचे वाक्य इतिवृत्तात आले. वस्तीतल्या बायांचे म्हणणे आले नाही.

मित्रहो, हे वाक्य खोटे आहे, आणि ते खोटे का आहे हे आपल्याला तांत्रिक भाषेत सांगता आले पाहिजे. आपण नुसते "अन्याय झाला" म्हणतो आणि समोरचा "पुरावा काय?" विचारून मोकळा होतो.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. या दगडात पाणी साठते ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खालच्या भेगांमध्ये. वस्तीची विहीर याच थरावर जगते. खाण या थराच्या खाली गेली की आजूबाजूचे पाणी पाझरून खाणीत उतरते. खाली दगड फोडायचा म्हणून मालक ते पंपाने बाहेर काढतो. त्यातले काही धूळ बसवायला फवारले जाते, काही क्रश सँड धुवायला लागते, उरलेले ओढ्यात सोडले जाते. काम बंद पडले की मागे राहतो पाण्याने भरलेला उघडा खड्डा, आणि त्यावर ऊन तापत राहते. विहिरीला हात न लावता विहीर रिकामी करण्याची ही पद्धत आहे.

आता हिशेब करू. एक हेक्टर उघड्या पाण्यावरून आपल्या कोरड्या भागात वर्षाला दीड मीटर वाफ होते असे धरा. त्यातून ७० सेंटीमीटर पाऊस वजा करा. उरले ८० सेंटीमीटर, म्हणजे ८० लाख लिटर. जलजीवन मिशनचे माणशी ५५ लिटरचे माप लावले तर हे जवळपास ४०० माणसांचे वर्षभराचे पाणी झाले. एक आख्खी वस्ती! आणि यात पंपाने उपसलेले पाणी धरलेलेच नाही.

हा हिशेब माझ्या डोक्यातून आलेला नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात खडी-वाळूच्या खाणींना तो मांडावाच लागतो. १९८८ साली थ्री बेल्स रँच खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, खडीच्या खाणीने भूजल उघडे पाडले तर तो खड्डा कायद्याने विहीरच आहे. त्याला विहिरीचा परवाना हवा आणि घटलेले पाणी भरून देण्याची योजना हवी. पुढच्याच वर्षी कायदा होऊन १९८१ पूर्वीच्या जुन्या खड्ड्यांना बाष्पीभवनापुरती सूट मिळाली, नंतरच्यांना नाही. तिथे वाफ मोजतात, धूळ बसवायला मारलेले पाणी मोजतात, धुतलेल्या खडीला चिकटून ट्रकमधून गेलेले पाणीसुद्धा मालाच्या वजनाच्या सुमारे ४ टक्के धरतात. मग तेवढे पाणी दुसरीकडून विकत घेऊन नदीला परत द्यायचे. तेही ज्या वेळी आणि ज्या जागी खालच्या हक्कदाराला तुटवडा पडतो, तिथेच. खाण बंद झाली तरी जबाबदारी सुटत नाही. खड्डा बुजवा, त्याला पाणी न झिरपणारी भिंत घाला, नाहीतर कायम भरपाई करत राहा.

कोलोरॅडो स्वर्ग आहे असे मी म्हणत नाही. तिथले तत्त्व "जो आधी आला त्याचा हक्क आधी" असे आहे, आणि यूट, शायान, अरापाहो या मूळनिवासींच्या भूमीवर हे "आधी आलेले" कोण होते, ते आपल्याला कोणी शिकवायला नको. त्यांचे तत्त्व त्यांच्याकडे राहू द्या. आपण त्यांची मोजपट्टी घेऊ.

आपल्याकडे काय आहे? १९९३च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदायला बंदी केली. २००९च्या भूजल कायद्याने त्याची जागा घेतली. पण विहीर म्हणजे पाण्यासाठी खोदलेली, अशीच आपली समजूत. एखाद्या शेतकऱ्याने चाळीस फूट खणले तर तलाठी दारात येतो. मालकाने शंभर फूट खणले तर ती खाण! खडीच्या प्रत्येक ब्रासचा हिशेब ठेवून सरकार स्वामित्वधन घेते. पाण्याचा हिशेब मात्र गावाला कधी दिसत नाही.

याचे मूळ जातवास्तवात आहे. १८८२च्या इंग्रजी सुविधाधिकार कायद्याने जमिनीखाली झिरपणारे पाणी जमीनमालकाच्या हाती दिले. म्हणजे सातबारा ज्याचा, पाणी त्याचे. मग ज्यांना शतकानुशतके जमीनच मिळू दिली नाही, त्यांचे भूजल कुठले? भूमिहीन माणूस या कायद्यात तहानलेलाच जन्माला येतो. आणि गावाची गायरान, माळरान, टेकडी फोडायची वेळ येते तेव्हा तिला लागून वस्ती कोणाची असते? बौद्धांची, मातंगांची, पारध्यांची. दगड फोडायला हात कोणाचे असतात? वडार बांधवांचे.

"तळे खासगी आहे" हाच युक्तिवाद महाडच्या सनातन्यांनीही केला होता. १९२३चा बोले ठराव कागदावर होता, महाड नगरपालिकेचा १९२४चा ठरावही कागदावर होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा त्या कागदांना जीव आला. कोर्टात निकाल लागायला १९३७ उजाडले. काल पाणी बाटेल म्हणून अडवले, आज पाणी खाली ओढून नेले. काल मनुस्मृती पुढे केली, आज खाणपट्टा पुढे करतात.

"पण मालक टँकर देतो ना!" टँकर हा उपकार आहे, हक्क नाही. ज्या दिवशी तुम्ही ग्रामसभेत तोंड उघडाल त्या दिवशी टँकर बंद होईल. "रोजगार मिळतो." मिळतो, नाकारत नाही. पण फुप्फुसात धूळ, घरात रिकामा हंडा आणि हातात हजेरी, हा सौदा आपण का स्वीकारायचा? खाण बंद करा ही माझी मागणी नाही. जेवढे पाणी घटवले तेवढे मोजा आणि त्याच वस्तीला, त्याच उन्हाळ्यात परत द्या, ही मागणी आहे.

आणि थोडे घरातलेही बोलू. आपलेच काही कार्यकर्ते जयंतीची वर्गणी क्रशरवाल्याकडून घेतात. डीजे त्याच्या पैशाने वाजतो आणि वर्षभर आपले तोंड शिवलेले राहते. ही वर्गणी आपल्या विहिरीची किंमत आहे, हे ओळखा.

करायचे काय? वस्तीच्या विहिरीची पातळी दर महिन्याला दोरीने मोजा, तारखेसह वहीत लिहा, फोटो काढा. माहितीच्या अधिकारात खाणपट्ट्याच्या अटी, पर्यावरण मंजुरी आणि मालकाने दर सहा महिन्यांनी द्यायचा अनुपालन अहवाल मागा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे जवळच्या निरीक्षण विहिरीच्या नोंदी मागा. जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीत पिण्याचे पाणी प्राधान्यावर आहे. तो निधी कोणत्या गावात गेला ते विचारा. आणि ग्रामसभेत एका ओळीचा ठराव मांडा: पाणी लागलेल्या खाणीला विहीर समजावे आणि तिने घटवलेले पाणी तिने भरून द्यावे.

इतिवृत्तात या वेळी आपले वाक्य लिहिले गेले पाहिजे. लिहिल्याशिवाय सभेतून उठायचे नाही.

जय भीम!