आधी कागद, मग कोड!

फर्स्ट इयरच्या लॅबमधला नेहमीचा सीन. जावाचा छोटासा प्रोग्रॅम. पासवर्ड विचारायचा आणि जुळला तर ‘वेलकम’ म्हणायचं. पासवर्ड अगदी अक्षर न अक्षर बरोबर टाकलाय, तरी स्क्रीनवर ‘राँग पासवर्ड’! बरं, एररही नाही. मग काय, शेजारच्याला विचारा, नाहीतर एआयला. उत्तर येतं, ‘== काढ, इक्वल्स टाक.’ टाकलं, चाललं, जर्नलवर सही झाली. विषय संपला?

व्हायव्हात सरांनी ‘का?’ विचारलं की आपली बोलती बंद! खरं तर कारण सोपं आहे. जावात स्ट्रिंगसाठी == वापरलं, की अक्षरं तपासलीच जात नाहीत. दोन्ही नावं मेमरीतल्या एकाच वस्तूकडे बोट दाखवतात का, एवढंच पाहिलं जातं. कीबोर्डवरून आलेला शब्द ही नवी वस्तू, म्हणजे अक्षरं तीच, पत्ता वेगळा. गंमत म्हणजे, तोच शब्द कोडमध्येच दोनदा लिहून तपासला तर == ‘ट्रू’ म्हणतं, कारण अशा शब्दाची जावा एकच प्रत ठेवते. डोकं चक्रावतं ते इथेच.

आता कोडफोर्सेसवरचा ‘पेट्या अँड स्ट्रिंग्ज’ हा प्रॉब्लेम घ्या. सारख्या लांबीचे दोन शब्द, कॅपिटल-स्मॉल भेद मानायचा नाही, आधी कोणता येईल ते सांगायचं. डिक्शनरीत शब्द शोधताना आपण हेच करतो ना? एकेक अक्षर बघायचं, पहिला फरक दिसला की निकाल. कॅपिटल ‘ए’चा आस्की नंबर ६५, स्मॉल ‘ए’चा ९७. कॅपिटलमध्ये ३२ मिळवले की भेद संपला. हे केलं नाही, तर ९० नंबरचा कॅपिटल ‘झेड’ स्मॉल ‘ए’च्याही आधी येऊन बसतो! कागदावर दोन शब्द लिहून पाहिले, की लूप आपोआप सुचतो.

तयार फंक्शन वापरूच नका, असं माझं म्हणणं नाही. पुढे नोकरीत तेच वापरायचंय. पण एकदा तरी हाताने करून बघा. एआयला विचारण्याआधी स्वतःला दहा मिनिटं द्या. ‘कोडिंग आपल्याला जमणार नाही यार’ म्हणणाऱ्या अनेकांनी ही दहा मिनिटं स्वतःला कधी दिलेलीच नसतात.