श्वास घ्यायला कोणी शिकविले काय?

ऑपरेशन ठरले की घरातील मंडळी दोनच प्रश्न विचारतात : डॉक्टर कोण आणि खर्च किती? रोग्याला श्वास घ्यायला कोणी शिकविले काय, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

प्रश्न हास्यास्पद वाटेल. पण पोटाच्या वरच्या भागावर मोठी शस्त्रक्रिया झाली की भूल आणि वेदना यांमुळे छाती व पोट यांमधला श्वासाचा पडदा नीट हलत नाही. टाके दुखतात म्हणून रोगी वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो. मग फुफ्फुसाचा खालचा भाग मिटू लागतो, कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते.

उपाय साधे आहेत. पोटाशी उशी धरून खोकणे, जागेपणी दर तासाला दीर्घ श्वास घेणे, लवकर उठून चालणे. काही ठिकाणी अडथळा असलेल्या छोट्या उपकरणातून श्वास ओढावयास लावून शस्त्रक्रियेआधीच श्वासाचे स्नायू बळकट करतात. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील ४४१ रोग्यांवरील एक चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. सर्वांना माहितीपुस्तिका दिली होती. त्याखेरीज ज्यांना फिजिओथेरपिस्टने शस्त्रक्रियेपूर्वी अर्धा तास शिकविले, त्यांच्यापैकी १२ टक्क्यांना फुफ्फुसाचा त्रास झाला; नुसत्या पुस्तिकेवाल्यांपैकी २७ टक्क्यांना. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला यापेक्षा स्वस्त गुंतवणूक कोठे सापडेल?

आपल्याकडे काय होते? माझ्या काकांच्या ऑपरेशननंतर त्यांच्या हाती तीन चेंडूंचे प्लॅस्टिकचे यंत्र आले आणि सोबत इंग्रजी कागद. चेंडू वर जाण्यासाठी श्वास आत ओढावा लागतो. काका दोन दिवस फुंकत होते. शेजारच्या खाटेवरचे आजोबा कन्नड बोलणारे. तेही फुंकतच होते!

बेळगावात भाषेवरून आपण पुष्कळ बोलतो. मग रोग्याशी त्याच्या भाषेत चार वाक्ये बोलण्याची व्यवस्था का नसावी? ‘श्वास आत ओढा’ किंवा ‘उसिरु ओळगे एळकोळ्री’ एवढे म्हणायला कितीसा वेळ लागतो? हे काम ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत झाले पाहिजे, कारण नंतर वेदनेत कोणाला शिकायचे सुचणार?

आपल्या अंकाचे मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. दोन्ही विभागांतील विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय सेवा योजनेमार्फत आठवड्यातून एक दिवस रुग्णालयात फिजिओथेरपिस्टसोबत दुभाषी म्हणून उभे राहावे, अशी माझी सूचना आहे. प्राचार्यांनी तिचा विचार करावा.