या आषाढात इमूचं अंडं

इमूचं नाव काढलं की आपल्यापैकी अनेकांना महाराष्ट्रातले ओस पडलेले शेड आठवतात. 2012 च्या सुमारास इमूपालनाच्या योजना कोसळल्या आणि कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. त्या कटू आठवणीमुळे ऑस्ट्रेलियात घर करूनही आपण या पक्ष्याकडे पाहुण्यासारखं बघतो. खरं तर पाहुणे आपण आहोत. तो इथल्या राजचिन्हावर उभा आहे.

म्हणून माझा आग्रह आहे की, ज्या घरात अंडं चालतं त्या घराने थंडीत एकदा तरी इमूचं अंडं आणावं आणि मुलांना सोबत घेऊन शिजवावं.

‘एवढे पैसे एका अंड्यासाठी?’ हा प्रश्न येणारच. कोंबडीच्या अंड्यांशी भाव ताडून पाहिला तर ते महागच ठरेल. पण साधारण 600 ग्रॅमच्या या एका अंड्यात कोंबडीची दहा-बारा अंडी मावतात. दोन कुटुंबं पोटभर जेवतात. शिवाय मादी अंडी घालते ती इथल्या थंडीतच, आणि उबवायला बसतो तो नर. जवळजवळ आठ आठवडे तो खाणंपिणं सोडल्यासारखा घरट्यावर असतो. हे मुलांना पाठ्यपुस्तकातून तसं कळत नाही, ते गडद हिरवं, जड अंडं हातात घेतल्यावर कळतं.

फोडू मात्र नका. अंडं धुऊन पुसा, टोकाला बारीक ड्रिलने भोक पाडा, काडीने आतला बलक मोडा आणि छोट्या पंपाने हवा भरून भांड्यात काढा. तोंडाने फुंकू नये. टरफलाखाली निळसर-हिरवा आणि मग पांढरा थर असतो. इथले आदिवासी कलाकार हेच थर कोरून चित्रं काढतात. भुर्जीला कांदा, मिरची, कोथिंबीर, हळद पुरे. आच मंद ठेवा आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ देऊन नीट शिजू द्या. गरम मसाला घातलात तर अंड्याची सौम्य, भरीव चव मरेल, आणि मग खटाटोप कशासाठी?

एक अट मात्र कडक आहे: अंडं परवानाधारक फार्मचंच हवं. रानातल्या इमूला कायद्याचं संरक्षण आहे. फिरायला गेल्यावर घरटं दिसलं तर लांबूनच बघावं.

इथले आदिवासी कामिलारोई लोक आकाशगंगेच्या काळ्या पट्ट्यात इमू पाहतात. जून-जुलैत तो घरट्यावर बसलेला दिसतो, आणि तोच त्यांच्याकडे अंडी गोळा करण्याचा काळ. आपल्याकडे तेव्हा बहुधा आषाढ असतो, श्रावण लागायचा असतो. आपल्या इथल्या मराठी मंडळाने मे महिन्यातच इच्छुक घरांची यादी करून फार्मकडे एकत्र मागणी नोंदवावी, म्हणजे दीप अमावास्येच्या आधी अंडी हाती पडतील.