मोसंबीचे आजोळ

मोसंबी हे निसर्गाने वेगळे घडवलेले फळ, असे आपण धरून चालतो. तिचा डीएनए तसे सांगत नाही. त्यात पपनस आणि संत्रे या दोन कुळांचे तुकडे मिसळलेले आहेत. रोजच्या वरणावर पिळतो ते कागदी लिंबूही संकरितच. त्याचा बाप महाळुंग आणि आई फिलिपिन्सकडचे मायक्रांथा नावाचे रानलिंबू.

आई कोण आणि बाप कोण, हेही सांगता येते. पेशीच्या केंद्रकातला डीएनए दोघांकडून येतो, तर या झाडांत हरितलवकातला फक्त आईकडून. केंद्रकात ठरावीक जागी पपनसाची खूण वेगळी, संत्र्याची वेगळी. दोन्ही खुणा एकाच झाडात सापडल्या की संकर उघड होतो. मग हरितलवक पाहायचे. मोसंबीचे हरितलवक पपनसाचे आहे, म्हणजे तिचे आजोळ पपनसाकडे.

पूर्वी पान-फूल-फळ पाहून जाती ठरत. जपानच्या तानाकांनी लिंबूवर्गात दीडशेहून अधिक जाती मोजल्या, अमेरिकेच्या स्विंगलांनी १६. दोघेही मोठे अभ्यासक होते! २०१८ मध्ये ६० झाडांच्या संपूर्ण जनुकसंचांची तुलना झाली आणि मूळ पूर्वज निघाले दहा. हे कुळ आग्नेय हिमालयाच्या पायथ्याशी, म्हणजे आसाम, उत्तर म्यानमार आणि युनानच्या पट्ट्यात उगम पावले असावे, असे त्या अभ्यासाचे म्हणणे आहे.

ही नुसती वंशावळीची हौस नव्हे. विदर्भात नागपुरी संत्र्याचा डोळा बहुधा जंबेरीच्या खुंटावर बांधतात. जंबेरी स्वतः संत्रावर्गीय झाड आणि महाळुंग यांचे अपत्य, आणि तिला पर्याय म्हणून वापरतात तो रंगपूर लिंबूही याच दोन कुळांतला. फायटोफ्थोरा बुरशीने मुळे कुजतात आणि डिंक्या होतो, तेव्हा जंबेरी लवकर हार मानते. रंगपूर त्या मानाने तग धरतो. पण उद्या याहून चिवट खुंट हवा असेल, तर नवे गुण याच दोन घरांत किती दिवस शोधणार? इतर पूर्वजांकडे आणि त्यांच्या रानटी भाऊबंदांकडे जावेच लागेल.

ते भाऊबंद मेघालयातल्या गारो टेकड्यांत आहेत. नोक्रेकला रानसंत्र्यासाठी राखीव जनुक-अभयारण्य आहे. माझ्या मते त्याची काळजी हा संत्रा बागायतदाराच्याही हिताचा प्रश्न आहे, केवळ ईशान्येचा नव्हे. आणि घरचे काय? कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात महाळुंग आहे, पण ते फळ समोर ठेवले तर आपल्यातले किती जण ओळखतील? परसात, देवळाच्या आवारात उरलेल्या महाळुंगाच्या झाडांची नोंद करून त्यांचे नमुने तपासायला नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्थेने शेतकऱ्यांनाच हाक द्यावी. पानांची पाकिटे पाठवणारे पुष्कळ निघतील.