पाय तिचा मुरगळला, हळहळलो आपण



आज विषय मैदानावरचा आहे, पण शेवटी तो आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतोच. आवडती खेळाडू जखमी झाली की आपल्याला वाईट वाटतं. ते वाईट वाटणं तिच्यासाठी किती आणि आपल्या मॅचसाठी किती?

२६ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर वर्ल्ड कपमधली भारत-बांगलादेश मॅच होती. आपल्या मुलींची सेमीफायनल आधीच पक्की झाली होती, म्हणजे त्या दिवशी हरण्या-जिंकण्याने काही अडणार नव्हतं. पावसाने मैदान ओलं. चौकार अडवायला धावताना प्रतिका रावलचा पाय मुरगळला आणि ती कोसळली. तीनच दिवसांपूर्वी याच मैदानावर तिने न्यूझीलंडविरुद्ध १२२ धावा केल्या होत्या, आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाबरोबर २१२ धावांची सलामी दिली होती. आणि ज्या मॅचमध्ये ती पडली, ती पावसामुळे शेवटी रद्दच झाली!

आमच्या सोनगीरला शेजारच्या काकू लगेच म्हणाल्या, "आते कसं व्हई?" हा प्रश्न सेमीफायनलचा होता, पायाचा नव्हता. काकूंना दोष देत नाही. सगळा देश तेच विचारत होता, ओपनिंगला आता कोण येणार.

घरात हॉकी बघणारी मी एकटीच, त्यामुळे मला २०२३ चा हॉकी वर्ल्ड कप आठवला. राऊरकेलाला इंग्लंडविरुद्ध हार्दिक सिंगचा मांडीचा स्नायू दुखावला. आठवडाभर रोज एकच चौकशी, तो परत येणार का? नाही आला. २२ जानेवारीला भुवनेश्वरला न्यूझीलंडविरुद्ध आपण ३-१ ने पुढे होतो, तिथून ३-३ झालं आणि शूटआउटमध्ये हरलो. कितीतरी दिवस लोक म्हणत होते, हार्दिक असता तर! त्याचा पाय कसा आहे, हे मात्र कुणी बोलत नव्हतं. हरलो म्हणून तो निदान लक्षात तरी राहिला.

प्रतिकाचं उलट झालं. तिच्या जागी शेफाली वर्माला बोलावलं. शेफाली मूळ संघात नव्हतीच. २ नोव्हेंबरची फायनल पावसाने उशिरा सुरू झाली, आमचा चौविहार उरकला तेव्हा शेफाली खेळतच होती. ८७ धावा, वर दोन विकेट. दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून आपण वर्ल्ड कप जिंकलो. मध्यरात्री फटाके वाजले आणि सगळी हळहळ त्या आवाजात विरून गेली. म्हणून मला वाटतं, ती हळहळ बहुतेक मॅचसाठीच होती.

हे मला का टोचतं सांगू? आमच्या जाऊबाई ओसरीवर घसरल्या, पायाला प्लास्टर पडलं. फोन पुष्कळ आले. दहांतल्या आठ फोनवर पहिलं वाक्य, "अगंबाई, मग स्वयंपाक कोण बघतंय?" कोण बघणार, मी बघत होते. चार दिवसांनी घर नीट चाललंय हे कळलं आणि फोन थांबले. जाऊबाईंचं दुखणं पुढे दीड महिना चाललं. घर चालू राहिलं की आजारी बाई आपोआप बरी झाली, असं धरून चालण्याची आपल्याला सवयच आहे. आणि ते फोन करणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या, हे विशेष.

शेफालीचं कौतुक कमी करायचं नाही. ऐनवेळी येऊन दुसरीची जागा सांभाळणं काय असतं, ते सुनांना विचारा. पण त्या रात्री व्हीलचेअरवर बसून मैत्रिणींसोबत हसणारी प्रतिका पाहिलीत ना? तिच्या गळ्यात पदक नव्हतं. नियम असा की शेवटच्या पंधरा जणींनाच पदक, आणि तिचं नाव बदललं गेलं होतं. पुढे ते तिला मिळालं म्हणा, पण बोलणी झाल्यावर. स्पर्धेत ३०८ धावा केलेल्या मुलीला हातात हात घालून उभं करायला नियम आडवा यावा, हे मला पटत नाही. पंधराऐवजी सोळा पदकं आधीच करून ठेवली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं?